‘स्वतःच भरा’ म्हणणाऱ्यांची फाइल कोणी भरली होती?

परदेशी निघालेल्या मुलामुलींचे आईवडील ओळखीपाळखीत चौकशी करू लागले, की एक सल्ला त्यांना हमखास मिळतो. ‘कन्सल्टंट कशाला हवाय? सगळं सरकारच्या वेबसाइटवर आहे, फुकट आहे, स्वतःच भरा.’ सांगणारे बहुधा न्यू जर्सीत नाहीतर मिसिसागात स्थिरावलेले असतात, डिसेंबरात पुण्याला आलेले असतात, आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. सल्ल्याचा उत्तरार्ध जरा कडक असतो : जे फसले ते हावरट होते, त्यांना आडवाट हवी होती, आणि लायसन्सवाला कन्सल्टंट म्हणजे टाय लावलेला दलाल, दुसरं काय!

उत्तरार्धाकडे नंतर येऊ. आधी पूर्वार्धातला हा ‘स्वतः’ कोण, ते पाहू.

अमेरिकेत एच-वन-बीवर गेलेल्या मराठी इंजिनिअरची फाइल कंपनीच्या वकिलाने केलेली असते. एच-वन-बीच्या अर्जाचा वकिली खर्च मालकानेच सोसायचा, कर्मचाऱ्याच्या माथी मारायचा नाही, असा तिथल्या कामगार खात्याचा नियम आहे. पुढे ग्रीन कार्डासाठी लेबर सर्टिफिकेशन लागते, त्यासाठीच्या वकिलाची फीही मालकाकडेच. म्हणजे आपल्या पाहुण्याने बिल कधी पाहिलेलेच नाही. त्याने मार्कशीट स्कॅन करून पाठवल्या, खुणा केल्या होत्या तिथे सह्या केल्या, एके दिवशी वकिलाच्या ऑफिसातून ‘अप्रूव्ह्ड’ अशी ईमेल आली आणि घरी पेढे वाटले गेले. त्याची सगळी कायदेशीर काळजी एका सनदधारक माणसाने वाहिली होती. शिवाय लायसन्सवाला इमिग्रेशन कन्सल्टंट नावाचा व्यवसाय अमेरिकेचा केंद्रीय कायदा मानतच नाही. तिथे असा सल्ला द्यायचा तो वकिलाने, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीने. तेव्हा तिथला अनुभव सांगलीहून कॅनडाला निघालेल्या नर्सच्या कामाचा नाही. तिच्यामागे कंपनी नाही, कंपनीचा वकील नाही. वडिलांनी काढलेले कर्ज तेवढे आहे.

पुढचे सगळे मी कॅनडाच्या संदर्भात लिहितो आहे, कारण कन्सल्टंटच्या परवान्याची सर्वांत तपशीलवार व्यवस्था त्या देशाने उभी केली आहे आणि आपल्याकडची सर्वांत जास्त दुकाने त्याच देशाच्या नावाची पाटी लावून बसलेली दिसतात.

‘स्वतः भरा’ या सल्ल्यात खरे काय आहे तेही मान्य करू. कॅनडाचे इमिग्रेशन खाते, म्हणजे आयआरसीसी, स्वतःच सांगते की अर्जासाठी प्रतिनिधी नेमण्याची सक्ती नाही आणि प्रतिनिधी नेमल्याने फाइलला झुकते माप मिळत नाही. फॉर्म आणि माहितीपत्रके खरोखर फुकट आहेत. अविवाहित, एकाच कंपनीत पाच वर्षे, पूर्वी कुठल्याही देशाने नकार दिलेला नाही, पासपोर्टवरचे आणि मार्कशीटवरचे नाव एक : अशा मुलीने कन्सल्टंटला दीड लाख देणे खरेच अनाठायी आहे. तिने चार रविवार बसावे आणि फाइल लावावी.

पण आपल्याकडची आयुष्ये इतकी सरळ कुठे असतात? फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो : कॅनडाने किंवा इतर कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा वा परमिट नाकारले आहे का? तीन वर्षांपूर्वी हा मुलगा बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत विद्यार्थी व्हिसासाठी उभा राहिला होता, दोन मिनिटांत नकाराचा कागद घेऊन बाहेर आला होता, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नव्हता. आता समोर कॅनडाचा फॉर्म. अमेरिकेचा कॅनडाशी काय संबंध, असे मनाशी म्हणून तो ‘नाही’वर टिक करतो. संबंध आहे, हे दोन देश अर्जदारांची माहिती आपसात पडताळतात. खरे सांगितले असते तर तो जुना नकार बहुधा एका परिच्छेदाच्या खुलाशात निभावला असता. लपवला, तर ते कॅनडाच्या कायद्याच्या ४०व्या कलमाखाली दिशाभूल ठरू शकते आणि पाच वर्षे दार बंद होते. वेबसाइटवर हे लिहिलेले आहे का? आहे. पण आपली चूक कोणत्या पानावर लिहिली आहे, हे ती चूक करणाऱ्याला ठाऊक नसते. फुकट माहितीची मर्यादा इथे सुरू होते.

दुसरे उदाहरण तर खास आपल्या घरांतले. लग्न ठरलेले आहे, कार्यालय डिसेंबरचे मिळाले आहे, पण कागदपत्रांसाठी म्हणून जूनमध्येच रजिस्टर लग्न उरकून घेतले. घरच्यांच्या लेखी अजून ‘लग्न व्हायचंय’. मुलाचा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज आधीच गेलेला आहे, त्यात तो अविवाहित. मंगलाष्टके झाल्यावर कळवू, असे म्हणून तो तसाच कॅनडात उतरतो आणि पीआर घेतो. कॅनडाच्या नियमांत एक तरतूद आहे : पीआर घेताना जो जोडीदार किंवा जे मूल जाहीर केले नाही आणि त्यामुळे ज्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर ‘फॅमिली क्लास’मधून बोलावता येत नाही. २०१९पासून काहींना यातून तात्पुरती सवलत मिळू लागली आहे, पण सवलतीवर संसार उभा करायला कोणी सांगणार नाही. रजिस्ट्रारसमोरची सही हेच लग्न आणि ते त्याच आठवड्यात कळवायचे, एवढे एक वाक्य वेळेवर सांगणारा माणूस हवा होता. त्या एका वाक्याची किंमत कन्सल्टंटच्या संपूर्ण फीपेक्षा जास्त आहे.

असे कितीतरी आहे. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरच्या गुणांवर चालणाऱ्या मार्गाला, अनुभवाच्या पत्रात कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लागतो. आपल्याकडची एचआर मंडळी ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कार्यरत होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढ्यावर शिक्का मारून मोकळी होतात. लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदललेल्या बायकांच्या कागदांबद्दल तर वेगळा लेख होईल.

पगारदार माणूस इन्कम टॅक्सचा रिटर्न स्वतः भरतो आणि नोटीस आली की सीएकडे धावतो. त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. इमिग्रेशनमध्ये फरक इतकाच, की नोटीस येते तेव्हा बहुतेक वेळा निर्णय झालेला असतो.

आता उत्तरार्धाकडे. ‘फसले ते हावरट.’ २०२३मध्ये कॅनडातल्या बऱ्याच भारतीय विद्यार्थ्यांना, त्यांत बहुसंख्य पंजाबचे, देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. ज्या प्रवेशपत्रांवर त्यांना काही वर्षांपूर्वी व्हिसा मिळाला होता, ती पत्रे बनावट निघाली. मुले तोवर दुसऱ्या कॉलेजांतून शिकून, नोकऱ्या धरून, पीआरच्या अर्जापर्यंत पोचली होती. त्यांना पाठवणारा जालंधरचा एजंट पुढे कॅनडातच पकडला गेला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२४मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. जून २०२३मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी हकालपट्ट्या थांबवून प्रत्येक प्रकरण तपासण्यासाठी पथक नेमले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित कॉलेजकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू झाली.

या प्रकरणातला जो तपशील आपल्याकडे फारसा कोणी लक्षात घेतला नाही तो असा : बातम्यांत आल्याप्रमाणे, अर्जांवर एजंटची सही नव्हती. मुलांनी स्वतःच अर्ज केला आहे, असे कागदोपत्री दाखवले होते.

माझा सगळा मुद्दा या तपशिलात आहे. ‘स्वतःच भरा’ म्हणणारे आणि पडद्यामागून फाइल भरणारा बिनपरवान्याचा एजंट, या दोघांच्या हातून सरकारदरबारी एकाच प्रकारची फाइल पोचते : जिच्यावर प्रतिनिधी म्हणून कोणाचेच नाव नाही. कॅनडात अशा एजंटला ‘घोस्ट कन्सल्टंट’ म्हणतात. पैसे तो घेतो, मजकूर तो लिहितो, पासवर्ड त्याच्याकडे असतो, आणि सही तेवढी तुमची. उद्या काही खोटे निघाले तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही एकटे उभे असता. तेव्हा निवड ‘कन्सल्टंट की स्वतः’ अशी मांडणेच चूक. फाइलमागे ज्याचे डोके आहे त्याचे नाव फाइलवर आहे की नाही, हा प्रश्न आहे. स्वतः भरणार असाल तर खरोखर स्वतः भरा. दुसरा भरणार असेल तर त्याचे नाव लागलेच पाहिजे.

त्यासाठीचा कागद ठरलेला आहे. आयएमएम ५४७६ हा प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म. पैसे घेऊन काम करणारा प्रतिनिधी असेल तर त्याचे नाव आणि सदस्य क्रमांक त्यात येतो. अशा प्रतिनिधींसाठी आयआरसीसीचे वेगळे पोर्टल आहे. अर्जदाराच्या नावाने खाते उघडून त्यांनी काम करायचे नसते. ‘तो फॉर्म जोडला की फाइल रखडते’, ‘तुमच्या नावानेच अकाउंट काढू, ईमेल आमचा देऊ’ ही वाक्ये कानावर पडली, की चहा अर्धा ठेवून उठायला हरकत नाही.

आणि सदस्य क्रमांक कसला, तर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचा. कॅनडाच्या कायद्याच्या ९१व्या कलमानुसार मोबदला घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार तिघांना : तिथल्या वकील-संघटनांचे सदस्य, क्वेबेकचे नोटरी आणि या कॉलेजचे परवानाधारक. २०११च्या दुरुस्तीपासून अर्ज भरण्याआधीचा सल्लाही यात येतो. मोडल्यास दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना मिळवायला पदव्युत्तर पदविका आणि त्यावर प्रवेश परीक्षा. इंग्रजीतून शिकायचे तर क्वीन्स विद्यापीठ, फ्रेंचमधून तर माँट्रियल विद्यापीठ. परवान्यांचे वर्गही आहेत. निर्वासितांच्या आणि अपिलांच्या बोर्डासमोर उभे राहायला वेगळा वर्ग लागतो. विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या शिक्षणसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना त्याहून मर्यादित परवाना मिळतो. दलालाला हे काही लागत नाही. त्याला एक गाळा आणि विमानाचे चित्र पुरते.

यावर चतुर वाचक विचारील, कॅनडाचा कायदा डेक्कनवर कसा चालणार? नाहीच चालत. कॅनडाचे पोलिस जंगली महाराज रस्त्यावर येऊन गाळ्याला सील ठोकणार नाहीत. म्हणून तर ही तपासणी अर्जदारालाच करावी लागते. आणि प्रत्येक देशाचा हिशेब निराळा. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट असतात, पण ऑस्ट्रेलियाबाहेर बसून सल्ला देणाऱ्यावर ती नोंदणी बंधनकारक नाही. न्यूझीलंडचा २००७चा कायदा परदेशातल्या सल्लागारांनाही लागू होतो, मात्र परदेशातून फक्त विद्यार्थी व्हिसाबद्दल सल्ला देणाऱ्यांना वगळतो. म्हणजे एकाच ऑफिसातल्या तीन टेबलांवर तीन वेगळ्या कायदेशीर अवस्था. ‘लायसन्स आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणत्या देशाचे, कोणाच्या नावाचे आणि कोणत्या कामाचे, इतके तरी विचारायला हवे.

कारण भिंतीवर लायसन्स असतेच. शॉप ॲक्टचा दाखला असतो, जीएसटीचा असतो, उद्यमचा असतो, सोनेरी चौकटीत आयएसओचा असतो. यांतला एकही इमिग्रेशनच्या ज्ञानाबद्दल अवाक्षर काढत नाही. कुठे कुठे परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदणीचा कागद दाखवतात. तो खरा असला तरी वेगळ्या कामाचा आहे. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी करावी लागते, ५० लाखांची बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि कामगाराकडून ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यांहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आखाती देशात जाणाऱ्या सुताराला, ड्रायव्हरला हे संरक्षण मोलाचे आहे. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव तपासता येते. पण तो कागद कॅनडाच्या पीआरचा किंवा स्टुडंट व्हिसाचा सल्ला देण्याचा परवाना होत नाही. तसल्या सल्लागारांसाठी केंद्राचा परवानाच नाही. पंजाबने २०१२मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात व्हिसा-कन्सल्टंटनाही आणले. आणि व्हीएफएसच्या केंद्रात आमचा माणूस आहे, असे कोणी सांगितले तर त्याला हसावे. व्हीएफएस कागद आणि बोटांचे ठसे घेते. निर्णय वकिलातीतला अधिकारी करतो.

सर्वांत वजनदार आक्षेप उरला : परवानावालेही फसवतात. खरे आहे. कॅनडात या व्यवसायाची पहिली नियामक संस्था २०११मध्ये मोडीत निघाली, तिच्या जागी आलेली दुसरी २०२१मध्ये, आणि त्या वर्षी २३ नोव्हेंबरला आजचे कॉलेज सुरू झाले. वीस वर्षांच्या आत तीन संस्था : व्यवस्था नीट चालत असती तर ही वेळ आली नसती. परवाने निलंबित होतात, रद्द होतात. नोकरीची ऑफर असल्याचे ५० किंवा २०० गुण एक्स्प्रेस एंट्रीतून २५ मार्च २०२५पासून काढून टाकावे लागले, कारण त्या ऑफरना लागणाऱ्या एलएमआयएची, म्हणजे परदेशी कामगार घेण्यासाठी मालकाला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीची, सर्रास विक्री चालली होती, आणि त्या बाजारात सगळेच बिनपरवान्याचे होते असे कोणी म्हणणार नाही.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? परवानाधारक निलंबित होतो हे आपल्याला कळते, कारण कॉलेजच्या सार्वजनिक रजिस्टरवर ते दिसते. त्याच्यावर लेखी करारनाम्याची सक्ती आहे, व्यावसायिक विम्याची सक्ती आहे, यशाची हमी द्यायला आचारसंहितेत मनाई आहे, आणि तक्रार झाली तर शिस्तपालन समितीसमोर उत्तर द्यावे लागते. बिनपरवान्याच्या माणसाविरुद्ध तुमच्याकडे उरते ते पोलिस ठाणे, भारतीय न्याय संहितेचे ३१८वे कलम आणि ग्राहक आयोगाच्या तारखा. तेही त्याने ऑफिस बदलले नसेल तर. परवाना माणसाला प्रामाणिक करत नाही, फक्त त्याच्या हातून काय गमावले जाऊ शकते हे ठरवतो. मला तेवढे पुरेसे वाटते.

इथेही एक खोड आहे, आणि ती परवानाधारकांचीच. परवाना एका व्यक्तीला मिळतो. ती व्यक्ती ब्रॅम्प्टनला किंवा सरीला बसते, आणि तिच्या क्रमांकाच्या जोरावर नाशिक, ठाणे, कोल्हापुरात ‘सीनियर काउन्सिलर’ टार्गेट पुरी करत असतात. त्यांच्या बोलण्यात कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातले एनओसी आणि टीअरचे आकडे खळखळून येतात, पण सल्ला द्यायचा अधिकार त्यांना नसतो. काही ठिकाणी तर क्रमांकाच्या खऱ्या मालकाला आपला क्रमांक नाशकात वापरला जातो आहे याचा पत्ताच नसतो. म्हणून ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक रजिस्टरवर टाकून ‘ॲक्टिव्ह’ दिसला यावर थांबू नये. रजिस्टरवर जो ईमेल आहे त्याच ईमेलवर लिहून विचारावे, अमुक ऑफिस तुमचे का, आणि माझ्याशी तुम्ही स्वतः बोलाल का.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘फुकट’ हा शब्द सर्वांत महाग पडतो. ‘आम्ही मुलांकडून एक रुपया घेत नाही’ असे सांगणाऱ्या एजन्सीला पैसे कॉलेज देते, प्रवेशामागे कमिशन म्हणून. यात बेकायदा काही नाही, मात्र ती कोणाचे हित पाहणार हे उघड आहे. १५ मे २०२४पासून, सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजात शिकवणाऱ्या भागीदारी कोर्सना नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना पदवीनंतरचे वर्क परमिट मिळेनासे झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून अनेक पदविकांना विषयांची अट आली. कमिशन मात्र त्या नियमांवर ठरत नाही. कोर्स निवडायला एजंटची मदत घ्यायला कॅनडाचा कायदा आडकाठी करत नाही. ‘या कोर्सने पुढे वर्क परमिट मिळेल का’ हा इमिग्रेशनचा प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर मोबदल्यावर द्यायला परवाना लागतो. आपल्याकडे पालक नेमका हाच प्रश्न कमिशनवाल्याला विचारतात आणि ऐकलेले उत्तर बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याला सांगतात.

‘पण फी परवडत नाही’ यावरही उत्तर आहे, आणि ते ‘स्वतःच भरा’वाले आणि कन्सल्टंट या दोन्ही गोटांतले कोणी सांगत नाहीत, कारण दोघांच्याही सोयीचे नाही. पूर्ण फाइल द्यावीच लागते असे नाही. बरेच परवानाधारक आणि वकील तासाभराचा सशुल्क सल्ला देतात. आधी स्वतः सगळे फॉर्म भरावे. मग ज्या प्रश्नांपाशी हात अडखळला तेवढे लिहून काढावे : जुना नकार, शिक्षणातले गेलेले वर्ष, रजिस्टर लग्नाची तारीख, दोन पासपोर्टांवरची दोन नावे. ते घेऊन त्या तासाला बसावे, उत्तरे ईमेलवर लेखी मागावी, पावती घ्यावी, आणि घरी येऊन फाइल स्वतःच्या नावाने लावावी.